खेळाचे रूप आणि खेळाचे स्वातंत्र्य



खेळाचे पहिले लक्षण कोणते, असे कोणी विचारले तर 'स्वेच्छा' हेच उत्तर द्यावे लागेल. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात यावरच भर दिला होता. खेळाडू आपल्या मर्जीने डाव मांडतो आणि आपल्या मर्जीने मोडतो. आज मोबाइलच्या पडद्यावर गुण, पदके, क्रमवारी ही खेळाची सारी साधने दिसतात. परंतु डाव मोडण्याची मुभा तेथे कितपत उरली आहे, याचा विचार आपण करावयाचा आहे.

ही साधने मुळातच वाईट आहेत, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातून २००८ साली 'फोल्डइट' हा खेळ पुढे आला. त्यात प्रथिनांच्या घड्या जुळवून गुण मिळवावयाचे असतात. माकडांना होणाऱ्या एड्ससदृश रोगाच्या विषाणूतील एका विकराची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ उलगडत नव्हती. २०११ साली या खेळाडूंनी अवघ्या तीन आठवड्यांत तिचा मार्ग दाखवून दिला. गुणांमागील हेतू येथे खेळाडूंस ठाऊक होता व मान्यही होता.

याउलट, 'रॉबिनहूड' या अमेरिकी कंपनीच्या शेअर-खरेदीच्या ॲपवर काही सौदे पूर्ण होताच रंगीबेरंगी कागदी तुकड्यांची उधळण दिसे. नवख्या गुंतवणूकदारांना अशा युक्त्यांनी वारंवार व्यवहार करण्यास उद्युक्त केले जाते, असा आरोप मॅसॅच्युसेट्स राज्याच्या रोखे-नियामकांनी डिसेंबर २०२० मध्ये ठेवला. मार्च २०२१ मध्ये कंपनीने ती उधळण बंद केली. जानेवारी २०२४ मध्ये हे प्रकरण, अन्य एका प्रकरणासह, ७५ लाख डॉलर देण्याच्या तडजोडीने मिटले. पैसा बुडण्याचा धोका असलेल्या कृतीला उत्सवाचा वेष चढविणे, हा येथील खरा दोष होय.

'स्नॅपचॅट'वर दोन मित्रांनी दररोज परस्परांस चित्रसंदेश पाठविले, की नावापुढे ज्योत व दिवसांची संख्या झळकते. खंड पडला की ज्योत विझते. मग मुले सांगण्यासारखे काही असो वा नसो, संख्या राखण्यासाठी संदेश धाडू लागतात. मैत्रीची जागा हिशेब घेतो.

भारतीय संसदेने २०२५ साली पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. परंतु पणाला पैसा नसून वेळ व लक्ष लागते, तेथे तो कायदा पोचत नाही. तेथे रचनाकारालाच स्वतःला तीन प्रश्न विचारावे लागतील. या खेळाने कोणाचे उद्दिष्ट साधते? त्याचे नियम खेळणाऱ्यास स्पष्ट दिसतात काय? आणि काहीही न गमावता त्याला उठून जाता येते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर त्या रचनेस खेळ म्हणण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.