स्वागताध्यक्षीय भाषण: ज्योत छताला, उष्णता मालाला



स्वागत समितीच्या वतीने पिंपरी-चिंचवड नगरीत मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पाहता पाहता भोसरी, चाकणपर्यंत कारखाने पसरले. इथल्या गाड्यांना लागणारे क्रँकशाफ्ट आणि गिअर आधी कुठल्या तरी भट्टीत लाल झालेले असतात. तेव्हा या विषयावरची परिषद इथे भरणे उचितच आहे.

विषय आहे फ्लॅट फ्लेम गॅस बर्नर. साधा बर्नर लांब ज्योत फेकतो. ती ज्या बिलेटवर (पोलादी ठोकळ्यावर) पडेल तो करपतो, कोपऱ्यातला कच्चा राहतो. या बर्नरमध्ये मात्र हवा गरगरत येते, तुतारीच्या तोंडासारख्या पसरट टाइलला चिकटून बाहेर फाकते आणि ज्योत छतालगत गोल पसरते. मालाला ती शिवत नाही. छत तापते आणि त्याच्या प्रारणाने माल सारखा तापतो. १००० अंश सेल्सिअसवरून १२०० अंशांवर गेलेले छत सुमारे १.८ पट उष्णता देते. ज्योतीला लांबी लागत नसल्याने भट्टीची उंचीही कमी ठेवता येते.

पण बर्नर बदलला म्हणजे गॅसचे बिल उतरले, असे नाही. टाइलची कड फुटली किंवा भट्टी मंद चालवताना हवेचा जोर ओसरला, की ज्योत छत सोडून खाली लोंबते. एक घनमीटर नैसर्गिक वायूला सुमारे १० घनमीटर हवा पुरते. त्याहून फार जास्त दिली, तर उष्णता चिमणीतून जाते आणि मालावर स्केल (पोलाद जळून बनलेली पपडी) चढते. स्केल म्हणजे पैसे मोजून घेतलेले पोलादच!

ज्योतीचा हा बिघाड सर्वांत आधी दिसतो झरोक्यातून आत पाहणाऱ्या ऑपरेटरला. म्हणून तज्ज्ञांना विनंती, की आपले निबंध त्याला कळतील असे मांडा. मालकांना विनंती, की बर्नरच्या खरेदीइतकेच लक्ष देखभालीकडे द्या आणि ऑपरेटरचे म्हणणे ऐका.