ही इच्छा नक्की कुणाची?

अहिल्यानगरात आपलं मनापासून स्वागत. आमच्या जिभेवर अजून 'नगर'च आहे, तेवढं सांभाळून घ्या.

या संमेलनासाठी 'स्वेच्छेचा त्याग' हा विषय एकमताने ठरला आणि पुढच्याच बैठकीत मांडवाच्या जागेवरून भांडण लागलं. काहींना चर्चचं आवार हवं होतं, काहींना शाळेचं मैदान. दोन्हीकडच्यांना प्रार्थनेत 'प्रभूने दाखवलं' होतं. मी मैदानवाला. तेव्हा मंडळीतल्या एक आजी म्हणाल्या, "प्रभूने दाखवलं, का तिथं तुझी गाडी सावलीत लागते म्हणून?" मी गप्प बसलो. मांडव आवारात आहे. गाड्या उन्हात आहेत, त्याबद्दल क्षमा असावी.

आपली मर्जी सोडणं अवघड. तिच्यावर देवाचा शिक्का मारणं मात्र फार सोपं. गेथशेमाने बागेत येशूने आधी दुःखाचा प्याला टळावा असं उघड मागितलं, मग सारं पित्याच्या हाती सोपवलं. स्वतःला काय हवंय ते त्याने लपवलं नाही. आपण नेमकं तेच लपवतो आणि थेट 'प्रभूची इच्छा' म्हणून मोकळे होतो.

याच नगरात रेव्हरंड ना. वा. टिळक राहिले. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, हे आपण त्यागाचं उदाहरण म्हणून अभिमानाने सांगतो. मला मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जास्त आठवतात. 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तो त्यांना विचारून नव्हे. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. टिळकांकडे परतल्यावरही सोवळं सुटलं नव्हतं. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःला पटल्यावर. नवऱ्यापुढे झुकणं निराळं, देवापुढे झुकणं निराळं. आपल्या घरांत मात्र पहिल्याला दुसऱ्याचं नाव देऊन लेकीसुनांना गप्प बसवलं जातं. दुपारच्या चर्चेत यावरही कुणीतरी बोला, अशी माझी विनंती आहे.

जेवण साडेबाराला. पहिली पंगत बाहेरगावच्या पाहुण्यांची. समितीतल्या बंधूंनी वाढायला यावं. कुणी काय वाढायचं ते त्याच आजी सांगतील.