दम लागतो तेव्हा आधी श्वास सोडा

"वय झालं, आता दम लागायचाच," असं आपण सहज म्हणून जातो. वयानं चाल मंदावते हे खरं. पण नळावरून एक हंडा आणताना दोनदा टेकावं लागत असेल, खोकला महिनोन्‌महिने हटत नसेल, तर तो फुप्फुसाचा जुना आजार असू शकतो. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. विडीनं तो होतोच, पण जन्मात विडीला हात न लावलेल्या बायकांनाही चुलीच्या धुरानं होतो. शेणी, तुराट्या, पऱ्हाट्या जाळत २०-३० वर्षं फुंकणी फुंकली की श्वासनळ्या सुजतात, अरुंद होतात.

दम लागलेल्या बाईला वाटतं, हवा आत येईना. खरं तर आधीची हवाच पुरती बाहेर पडलेली नसते. भरल्या रांजणात आणखी पाणी कसं मावणार? भराभर धापा टाकल्या की हवा आणखी कोंडते, जीव घाबरतो, आणि घाबरलं की धाप वाढते. म्हणून बसा, थोडं पुढं वाका, कोपरं मांड्यांवर टेका. नाकानं श्वास घ्या. मग ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तसा हळूहळू सोडा. घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ सोडायला. फुंकणीसारखा जोर मात्र नको. हंडा उचलतानाही, जोर लावायचा तेव्हा श्वास सोडायचा.

घरच्यांनाही सांगतो. दम लागतो म्हणून सासूबाईंना खाटेवर बसवून ठेवू नका. न चालल्यानं पायांतली ताकद जाते आणि मग थोड्या कामानंही जास्त दम लागतो. बोटाला लावायच्या यंत्रावर आकडा चांगला आला तरी दम खरा असू शकतो, "नाटकं करते" म्हणू नका. पाणी तापवायला तिला चुलीपुढं बसवू नका. ते काम घरातल्या पुरुषांनाही जमतं!

रक्त कमी असलं, हृदयाचा त्रास असला तरीही दम लागतो, म्हणून तपासणी हवीच. फुप्फुसाच्या तपासणीत नळीत जोरानं फुंकायचं असतं. ती कुठं होते ते आशाताईंना विचारा. इनहेलरची सवय लागते, ही भीती आमच्या प्रत्येक बैठकीत निघते. तशी सवय लागत नाही. औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून थोडकं पुरतं. बरं वाटलं तरी परस्पर बंद करू नका.

ओठ-नखं निळी पडली, वाक्य पुरं करता येईना, गुंगी आली, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा.