पहाटेचे अकरा



परदेशात राहून आलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. तिथं जेवणाचं कसं होतं आणि तिथं पाहिलंत काय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी एका दमात देते. दुसऱ्याचं द्यायला मात्र मला थोडा वेळ लागतो. आज तो वेळ मिळाला आहे, म्हणून सांगते.

आम्ही उभयतां २००५ ते २००९ अशी चार वर्षं इथिओपियात गोंदर या गावी शिकवायला होतो. हे पदार्थविज्ञान शिकवत आणि मी इंग्रजी. भारतीय शिक्षकांनी इथिओपियात जाण्याची प्रथा सम्राट हेले सेलासींच्या काळापासूनची. आम्ही गेलो तेव्हा तिथं नवी विद्यापीठं उघडत होती आणि प्राध्यापक हवे होते. मुलगी पुण्यात वसतिगृहात, आई औरंगाबादला भावाकडे. म्हटलं, चार वर्षं जाऊन येऊ. औरंगाबाद म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर.

जेवणाचं म्हणाल, तर तिथले ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात. त्या दिवशी मांस, दूध, अंडी काही चालत नाही. त्यामुळे आठवड्यातून दोन दिवस कुठल्याही खाणावळीत आपल्याला शुद्ध शाकाहारी ताट! तेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेली इंजेरा म्हणजे परातीएवढी आंबोळी. तिच्यावर हरभऱ्याच्या पिठाचं शिरो वाढतात. पहिल्या शुक्रवारी ते पाहून हे एकदम म्हणाले, "अगं, हे तर पिठलं!" तिथून पुढे परकेपणा निम्मा संपला.

उरलेला निम्मा संपायला मात्र वेळ लागला, कारण त्या देशाचं घड्याळच वेगळं. आमची पहिली सहल बहिर दारची, म्हणजे ताना सरोवराच्या काठच्या गावाची. तिकीट देणाऱ्याने सांगितलं, बस अकराला सुटेल. आम्ही दशम्या-चटणी बांधून, पाण्याच्या बाटल्या भरून साडेदहालाच स्टँडवर हजर. स्टँड मोकळा. एक शेंगदाणेवाला मुलगा आमच्याकडे पाहून पोट धरून हसायला लागला. मग कळलं, की तिथं तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. त्यांचे अकरा म्हणजे आपले पहाटेचे पाच! आमची बस केव्हाच बहिर दारला पोचली होती. दशम्या आम्ही घरी येऊन खाल्ल्या.

वर्षाचंही तसंच. त्यांचे महिने तेरा. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. आपल्या अधिक महिन्याची सवय असल्यामुळे मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. पण सालही आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे. १२ सप्टेंबर २००७ला तिथं सन २००० उजाडलं आणि देशभर उत्सव झाला. आयुष्यात दोनदा २००० साल पाहायला मिळालेली आम्ही भाग्यवान मंडळी!

दुसऱ्या खेपेला पहाटे पाचची बस गाठून बहिर दारला गेलो. ताना सरोवरातल्या बेटांवर जुने मठ आहेत. आमची होडी केब्रान गाब्रिएल मठाच्या बेटाला लागली, तेव्हा नावाडी म्हणाला, "बाईंनी इथंच बसायचं." त्या मठात स्त्रियांना प्रवेश नाही. हे उतरून गेले. मी होडीत बसून पाण्यातले पक्षी मोजत राहिले. अर्ध्या तासाने हे परत आले. मी विचारलं, "काय पाहिलंत?" तर म्हणाले, "खांब बरेच होते." पदार्थविज्ञानाच्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करायची! पण मग स्वतःच हळूच म्हणाले, "तू नव्हतीस, तर लक्ष लागलं नाही." दुसऱ्या दिवशी उरा किदाने मेहरेत या मठात आम्ही दोघंही गेलो. तिथल्या भिंती वरपासून खालपर्यंत रंगीत चित्रांनी भरलेल्या आहेत. त्या मात्र मी पोटभर पाहिल्या. डोळ्यांसमोर असलेली जागा पाहायला न मिळणं म्हणजे काय, हे त्या होडीत मला पहिल्यांदा कळलं.

जानेवारी २००७ मध्ये आम्ही लालिबेलाला गेलो. तिथला नाताळ सात जानेवारीला असतो. दोन दिवसांचा बसचा प्रवास, सगळा घाटाघाटांचा. बाराव्या-तेराव्या शतकात होऊन गेलेल्या लालिबेला राजाच्या नावाने हे गाव ओळखलं जातं. तिथं खडकात कोरलेली अकरा चर्चेस आहेत. त्यांतलं सेंट जॉर्जचं चर्च वरून पाहिलं तर अधिक चिन्हासारखं दिसतं. जमिनीत चौकोनी खड्डा खणून मध्ये ठेवलेल्या दगडातून ते घडवलंय. सुमारे चाळीस फूट खोल. आधी छप्पर, मग भिंती, शेवटी पाया. मी वरच्या काठावर उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो, कैलास!"

वेरूळचं कैलास लेणं यापेक्षा कितीतरी मोठं आणि चारेकशे वर्षांनी जुनं. पण रीत तीच, कळसापासून खाली कोरत येण्याची. हे लगेच पावलांनी लांबी-रुंदी मोजू लागले आणि आपलं केवढं मोठं याचा हिशेब सांगू लागले. तेवढ्यात पांढरी शाल पांघरलेली एक म्हातारी बाई आमच्या शेजारून वाकत वाकत खाली उतरली. तिने उंबऱ्याला ओठ टेकवले आणि तिथंच बसून राहिली. बरोबरच्या मुलाने सांगितलं, आजी आठ दिवस चालत आलीय. यांचा हिशेब तिथंच थांबला.

गोंदरला परतल्यावर मी वर्गात मोठ्या उत्साहाने लालिबेलाचे फोटो दाखवले आणि सहज विचारलं, "तुमच्यापैकी कितीजणांनी हे पाहिलंय?" चाळीस मुलांमध्ये दोन हात वर झाले. मी गप्प झाले. बसचं भाडं आणि दोन रात्री राहण्याचा खर्च म्हणजे त्या मुलांच्या घरचा कित्येक आठवड्यांचा बाजार होता. त्यांच्या देशातली सर्वांत सुंदर जागा मी त्यांना दाखवत होते, तीही फोटोत.

ओशाळलेपण झाकायला म्हणून मी वेरूळबद्दल सांगू लागले. माझं गाव तिथून जेमतेम तीस किलोमीटरवर आणि गंमत म्हणजे ते वसवणारा माणूस तुमच्याच देशातला, असंही सांगितलं. मलिक अंबर. सोळाव्या शतकाच्या मध्याला हरारच्या मुलखात जन्मलेला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान आणि बगदाद करत दख्खनला पोचला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता-करविता झाला. मोगलांना त्याने वर्षानुवर्षं झुंजवलं. १६२४ सालच्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६१० मध्ये त्याने खडकी गाव वसवलं, तेच पुढचं औरंगाबाद. त्याने जमिनीखालून नहर काढून गावाला पाणी आणलं. आमच्या गावाच्या कित्येक पिढ्या त्या पाण्यावर वाढल्या.

मागच्या बाकावरून हरारचाच एक मुलगा उभा राहिला. "टीचर, त्याची कबर आहे?"

"आहे. खुलताबादला. वेरूळच्या वाटेवरच."

"कशी आहे?"

आणि श्रोतेहो, मला उत्तर देता येईना. पाहुण्यांना घेऊन मी चार-पाच वेळा वेरूळला गेले होते. खुलताबादला चहाला थांबले होते. पण ती कबर मी पाहिली नव्हती. मुलगा काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "घरी गेलात तर फोटो आणाल?"

त्या वर्षी जुलैच्या सुट्टीत आम्ही घरी आलो. खुलताबादला जायचं ठरलं. निघताना आई दशम्या बांधून द्यायला लागली, तशी मी विचारलं, "आई, तू कधी गेली होतीस गं वेरूळला?" आई म्हणाली, "मी कशाला जाते? तुम्ही सगळे गेल्यावर घरी कोण राहणार?" एकोणपन्नास वर्षं त्या गावात संसार करून, येईल त्या पाहुण्याला वेरूळच्या सहलीचे डबे बांधून देणारी माझी आई स्वतः वेरूळला गेलीच नव्हती! मी हरारच्या मुलाला काय सांगत होते आणि ताना सरोवरातल्या त्या होडीची तक्रार तरी कुठल्या तोंडाने करत होते?

आईला घेऊन गेलो. मलिक अंबरची कबर गावाच्या जरा बाहेर आहे. घुमटाची दगडी इमारत. ती त्याने हयातीतच बांधून घेतली होती. जवळच त्याची बायको बीबी करीमा हिचीही कबर आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथं चिटपाखरू नव्हतं. पावसाची भुरभुर चालू होती. यांनी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. आई पायरीवर बसली आणि म्हणाली, "केवढ्या लांबून आला बिचारा. पाणी पाजून गेला." मग वेरूळला कैलासासमोर ती बराच वेळ मान वर करून उभी राहिली. परत येताना गाडीत एवढंच म्हणाली, "डबे बांधले ते वाया नाही गेले म्हणायचे."

२००८च्या हिवाळी सुट्टीत आम्ही हरारला गेलो. गोंदरहून विमानाने अदिस अबाबा, तिथून दिरे दावा आणि मग डोंगरातून वर. हरार हे तटबंदीतलं जुनं मुसलमानी शहर. अरुंद गल्ल्या, रंगवलेल्या भिंती. कवी रँबोच्या नावाने ओळखलं जाणारं तिथलं लाकडी घर एका भारतीय व्यापाऱ्याने बांधलेलं आहे. रात्री वेशीबाहेर तरसांना हाताने मांस भरवतात. ते पाहताना यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता, की तरसापेक्षा मला त्याचीच भीती वाटली.

पण त्या सहलीतलं खरं पाहणं झालं ते त्या मुलाच्या घरी. त्याच्या आईने आम्हाला उंच ओट्यावर बसवलं. भिंतीवर रंगीत विणलेल्या टोपल्या होत्या. कॉफीच्या बिया आमच्यासमोर भाजून, कुटून तिने कॉफी केली. तिथं कॉफी एकदा पिऊन उठता येत नाही, तीनदा प्यावी लागते. दुसऱ्या कपाला मी फोटो काढून दिले. मुलगा तिला तिच्या भाषेत सगळं सांगत होता. गुलाम, समुद्र, लढाया, पाणी. तिने घुमटाच्या फोटोवरून बोट फिरवलं आणि एकच प्रश्न विचारला. मुलाने जरा थांबून आम्हाला इंग्रजीत सांगितलं, "ती विचारते, त्याच्या आईला कळलं होतं का?"

आम्ही दोघं गप्प. नंतर मुलाने रस्त्यावर सांगितलं. त्याचा मोठा भाऊ कामासाठी समुद्र ओलांडून अरबस्तानात गेला होता. तीन वर्षं त्याची खबर नव्हती. मलिक अंबरला विकायला नेलं, त्याच समुद्रापलीकडे.

त्या रात्री हे झोपले नाहीत. पहाटे म्हणाले, "तो माणूस आपल्या गावात परका म्हणून आला आणि पाणी देऊन गेला. आपण याच्या देशात आलोय, पगार घेतोय आणि सुट्टीत स्थळं पाहतोय." मी म्हटलं, "आपण शिकवतो की." ते म्हणाले, "त्याचे पैसे मिळतात आपल्याला."

गोंदरला परतल्यावर यांनी बँकेत जाऊन हिशेब केला. आम्ही मायदेशी येताना केनियात जंगल सफारी करायची म्हणून पैसे बाजूला ठेवले होते. ते काढून एक बस ठरवली. वर्गातल्या सगळ्यांसाठी, लालिबेलाला.

पुढे त्या देशात युद्ध पेटलं. २०२१ मध्ये लालिबेला त्या युद्धाच्या तडाख्यात सापडलं, गाव कधी या बाजूकडे तर कधी त्या बाजूकडे गेलं. टीव्हीवर ती नावं ऐकताना आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत नव्हतो. काही मुलांचे फोन लागले, काहींचे नाही लागले. हरारच्या मुलाचा लागला. तो आता शिक्षक आहे. त्याच्या भावाचं मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. घुमटाचा फोटो आई अजून टोपल्यांच्या शेजारी लावून ठेवते, एवढं मात्र म्हणाला.

तेव्हा तिथं काय पाहिलंत, असं कुणी विचारलं, की मला लालिबेलाची चर्चेस आठवतात, पण त्याआधी ती बस आठवते. तिकीट खिडकीवरच्या माणसाने पुन्हा तेच सांगितलं होतं, बस अकराला सुटेल. त्या दिवशी आम्ही चुकलो नाही. पहाटे पाचला, काळोखात, स्टँडवर सगळ्यांत आधी आम्ही दोघंच उभे होतो. डब्यात सगळ्यांना पुरतील एवढ्या दशम्या होत्या. मग एकेक मुलगा, एकेक मुलगी पांढरी शाल पांघरून धुक्यातून येऊ लागली.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)