निवडुंगाच्या छंदाकडे परतताना

निवडुंगाचा छंद पंधरा-वीस वर्षं सोडून दिलेला माणूस पुन्हा त्याकडे वळतो, तेव्हा त्याच्याजवळ बहुधा दोनच गोष्टी उरलेल्या असतात: गच्चीच्या कोपऱ्यात तगून राहिलेल्या चार-दोन कुंड्या आणि हाताला लागलेली जुनी सवय. या दोहोंत कुंड्या जास्त भरवशाच्या. सवय एका जागेची असते. वाड्याच्या अंगणातलं ऊन, पत्र्याखालचा आडोसा आणि पाणी झिरपू देणारी मातीची कुंडी यांच्या जोडीने ती घडलेली असते. आता अंगणाच्या जागी फ्लॅटची बाल्कनी आली, कुंडी प्लॅस्टिकची झाली, ऊन दिवसाकाठी तीन तासांवर आलं, आणि हात मात्र जुन्याच मापाने पाणी घालत राहतो. दुसऱ्या डावातली झाडं कुजतात ती बहुतेक याच कारणाने.

मधल्या वर्षांत कोणी फारसं न विचारलेली झाडं जगली कशी, हे आधी समजून घेतलेलं बरं. निवडुंगाच्या पानांचे काटे झालेले असतात आणि पानांचं काम हिरव्या खोडाने उचललेलं असतं. दिवसा उन्हाच्या वेळी खोडावरची रंध्रं मिटलेली असतात. ती रात्री उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवला जातो. दिवस उजाडला की रंध्रं बंद ठेवूनच त्या साठ्यातून अन्न तयार होतं. त्यामुळे पाण्याची वाफ फार कमी होते. खोडाच्या उभ्या कडा पेटीच्या भात्यासारख्या असतात. पाणी मिळालं की त्या फुलतात, संपत आलं की मिटतात. सुरकुतलेला निवडुंग म्हणजे मेलेला निवडुंग नव्हे. पण हे तगणं फुकटचं नसतं. दीर्घ कोरडेपणात झाड आपली तंतुमुळं वाळू देतं आणि फक्त जाड मुळं राखतं. अशा झाडाला मायेपोटी तांब्याभर पाणी घातलं, तर ते प्यायला मुळंच नसतात. माती आठवडाभर ओली राहते आणि जाड मुळांनाही कूज लागते. इतकी वर्षं दुर्लक्षाने न मेलेलं झाड प्रेमाने मरतं, ते असं.

म्हणून पहिलं काम पाणी घालण्याचं नाही, पाहण्याचं आहे. बुंधा तपकिरी, खडबडीत झाला असेल तर काडीने दाबून पाहावं. तो लाकडासारखा टणक लागला, तर ती वयाची साल आहे, तिला काही करावं लागत नाही. मऊ लागला, पाणी सुटलं किंवा वास आला, तर कूज. कुजलेलं झाड धारदार, पुसून घेतलेल्या सुरीने वरच्या बाजूला कापत जावं. कापाच्या मध्यभागी वाहिन्यांचं जे कडं दिसतं, त्यात तांबूस डाग राहिला तर अजून वर कापावं. स्वच्छ गर लागला की थांबावं, कापावर गंधकाची पूड लावावी आणि तुकडा सावलीत वाळू द्यावा. लहान तुकड्याला आठवडा पुरतो. मनगटाएवढ्या खांबाला तीन आठवडेही लागतात. त्यानंतर तो जवळजवळ कोरड्या भरड वाळूवर नुसता टेकवून ठेवला तरी मुळं फुटतात. उजेडाअभावी शेंड्याकडे निमुळती, फिकट झालेली झाडंही याच रीतीने सुधारतात. बारीक झालेला भाग ऊन दिल्याने पुन्हा जाड होत नाही, तो कापावाच लागतो.

टणक असलेली झाडंही एकदा कुंडीतून काढून पाहावीत. वर्तमानपत्राची जाड पट्टी दुमडून झाडाभोवती गुंडाळली की ते काट्यांसकट उचलता येतं. फड्या निवडुंगाच्या जातींना मात्र हा उपाय पुरत नाही. त्यांची बारीक कुसळं कागदातूनही हाताला लागतात, ती चिकटपट्टीने काढावीत. जुनी माती दगडासारखी घट्ट झालेली असते. तिच्यात किंवा कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी, कापसासारखी बुरशी दिसते असं वाटलं, तर ती बहुधा बुरशी नसते, मुळांवरचा पिठ्या ढेकूण असतो. वरून सशक्त दिसणारं झाड वर्षानुवर्षं वाढत नाही, याचं कारण पुष्कळदा तिथे असतं. मुळं पाण्याने धुवावीत, वाळलेली छाटावीत आणि जुनी माती परत वापरू नये.

या पिठ्या ढेकणाचा एक जवळचा भाऊबंद भारताच्या इतिहासात येऊन गेला आहे. किरमिजी रंग देणारा कोचिनील किडा निवडुंगावर पोसतो. तो मिळवण्याच्या खटपटीत १७९५ मध्ये ब्राझीलहून आणलेला किडा भलत्याच जातीचा निघाला. त्याचा रंग कामाचा नव्हता, पण फड्या निवडुंगाच्या एका जातीची बनंच्या बनं त्याने फस्त केली. किड्याच्या मदतीने तण आटोक्यात येण्याचं हे पहिलं नोंदलेलं उदाहरण मानलं जातं.

फड्या निवडुंग मूळचा इथला नाही, हे त्यामुळे आठवतं. कॅक्टसचं सगळं कुळ, दीड हजारांहून जास्त जाती, अमेरिका खंडांतलं. रिप्सॅलिसची एक जात तेवढी आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही सापडते. शेतांच्या कुंपणावरचा तिधारी निवडुंग किंवा शेर ही झाडं युफोर्बिया, म्हणजे वेगळ्याच कुळातली. खरचटलं की पांढरा चीक येतो ही त्यांची ओळख, तर कॅक्टसचे काटे नेहमी उशीसारख्या बारीक ठिपक्यातून झुबक्याने निघतात. गंमत अशी की काटेरी झाड घरात अशुभ म्हणून कॅक्टसला उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्या कित्येक घरांत एक कॅक्टस मानाने नांदत असतो. मराठी घरांत ब्रह्मकमळ म्हणून लावतात ते एपिफायलम हे कॅक्टसच आहे, आणि त्याचं ‘पान’ म्हणजे चपटं खोड. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, त्याचा याच्याशी संबंध नाही. हे एपिफायलम जंगलातल्या झाडांवर वाढणारं असल्यामुळे त्याला सावली आणि ओलावा हवा. बाकीच्या कुंड्यांबरोबर त्याला उन्हात ठेवू नये.

नव्या मातीची कृती प्रत्येक हौशी माणसाची निराळी असते आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. पूर्वी पोयटा, भरड वाळू, विटांचे तुकडे, कोळसा आणि पालापाचोळ्याचं कुजलेलं खत यांवर भागत असे. आता बाजारात कोकोपीट, पर्लाइट, प्युमिस मिळतं. जुन्या कृतीत चूक काहीच नव्हती. निम्म्याहून जास्त भाग खडीसारखा, धूळ चाळून काढलेला असावा, एवढं पाळलं की झालं. निव्वळ कोकोपीट टाळावं. ते ओलं राहतं तेव्हा फार वेळ राहतं, आणि पुरतं वाळलं की पाणीच धरत नाही. कुंडी झाडापेक्षा बोटभरच मोठी घ्यावी. लावल्यानंतर आठवडाभर पाणी देऊ नये, पहिलं पाणी थोडंच द्यावं, आणि पुढे बांबूची काडी तळापर्यंत खुपसून ती कोरडी निघाल्यावरच द्यावं. हे काम महाराष्ट्रात फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकलेलं चांगलं. नवी मुळं धरायला पावसाळ्याच्या आधी पुरेसा वेळ मिळतो. सावलीतलं झाड थेट एप्रिलच्या उन्हात ठेवलं तर करपतं आणि तो डाग कायमचा राहतो, म्हणून ऊन तीन-चार आठवड्यांत वाढवत न्यावं.

पावसाळ्यात वरून आडोसा आणि चोहीकडून वारा हवा. मात्र हवामानाशी फार भांडण्यात अर्थ नाही. बोलिव्हिया आणि अर्जेंटिनाच्या डोंगरउतारांवरच्या रिब्युशिया, लोबिव्हिया यांना फुलं येण्यासाठी थंड आणि कोरडी विश्रांती लागते. पुणे-नाशिककडे नोव्हेंबरपासून पाणी तोडलं तर ती मिळू शकते. मुंबईत आणि कोकणात रात्रीही उबदार असतात. तिथे मेलोकॅक्टस लावावा. तो उष्ण प्रदेशांतला, काही जाती तर समुद्रकाठच्या. वयात आल्यावर डोक्यावर लोकरीची टोपी चढते आणि फुलं तिच्यातूनच येतात. मुंबईकराने रिब्युशियाचा नाद सोडलेला बरा.

मधल्या काळात दोन गोष्टी पार बदललेल्या आढळतात. एक म्हणजे नावं. लिनियसने १७५३ मध्ये सगळे निवडुंग कॅक्टस या एकाच प्रजातीत घातले होते. तेव्हापासून सुरू झालेली फोडाफोड आणि जोडाजोड डीएनएच्या अभ्यासाने आणखी वेगात चालली आहे. नोटोकॅक्टसचा पॅरोडिया झाला. गोल्डन बॅरल, म्हणजे एकायनोकॅक्टस ग्रुसोनी, २०१४ मध्ये क्रोएनलाइनिया या नव्या प्रजातीत गेला. म्हणून जुन्या चिठ्ठ्या फेकू नयेत. जुन्या नावावरून नवं शोधता येतं, चिठ्ठी हरवलेल्या झाडाचं कोणतंच नाव खात्रीने सांगता येत नाही.

दुसरा बदल बाजाराचा. नर्सऱ्यांत आता लाल-पिवळ्या गोळ्यांचे कलमी निवडुंग रांगेने दिसतात. त्या गोळ्यांत हरितद्रव्य नसतं, ते खालच्या ड्रॅगन फ्रूटच्या खुंटावर जगतात आणि बहुधा काही वर्षांतच संपतात. काही झाडांच्या डोक्यावर वाळकी रंगीत फुलं गोंदाने चिकटवलेली असतात, ती ओढून पाहावीत. इंटरनेटवरून दुर्मीळ झाडं घरपोच येतात खरी, पण ती रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेली आहेत की रानातून उपटलेली, हे विचारलंच पाहिजे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निवडुंगांच्या ३१ टक्के जाती धोक्यात असल्याचं दिसलं. २०२० मध्ये इटलीत चिलीच्या वाळवंटातून चोरलेली हजाराहून जास्त झाडं पकडली गेली, आणि पुढच्या वर्षी त्यांतली आठशेहून जास्त परत पाठवण्यात आली. जवळजवळ सगळं कॅक्टसकुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटीस करारात येतं आणि भारत १९७६ पासून त्या कराराचा सदस्य आहे. परदेशातून कागदपत्रांशिवाय रोप मागवणं हा गुन्हा ठरू शकतो.

नव्याने सुरुवात करायची तर बियांपासून करावी. डब्यात सापडलेली वीस वर्षांपूर्वीची पाकिटं रुजण्याची आशा मात्र फार धरू नये. ताजं बी उन्हाळ्याच्या तोंडी, बारीक चाळलेल्या ओल्या मातीवर पेरून वर पारदर्शक झाकण ठेवलं, तर अ‍ॅस्ट्रोफायटम आठवड्याच्या आतही उगवतो. मॅमिलेरियाच्या पुष्कळ जाती तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुलतात. गोल्डन बॅरलला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि घरच्या लहान कुंडीत तो सहसा फुलतच नाही.