फोर्कलिफ्टवरचा संगणक

लखनौजवळ अमौसीच्या औद्योगिक भागातल्या गोदामात मी फोर्कलिफ्टवरचे संगणक सांभाळतो. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. साधा टॅबलेट बहुधा ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठीच बनवलेला असतो. तो तापून बंद पडतो.

म्हणून मजबूत यंत्र घ्या. ‘आयपी ६५’ मधला ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. उष्णतेचा आकडा यात नसतो, तो वेगळा तपासा. नेटवर्क गेलं तरी नोंद यंत्रात साठली पाहिजे.

आणि गाडी हलली की स्क्रीन आपोआप काळी होईल, अशी सोय करून घ्या. नोंद मिनिटभर उशिरा झाली तर चालेल. समोरून माणूस जाताना चालकाची नजर स्क्रीनवर असली तर चालणार नाही.