एक खासदार आणि पंचवीस वस्त्या
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, लोकशाहीचे एक सोपे सूत्र आपण शाळेतच शिकतो. एका माणसाला एक मत आणि प्रत्येक मताचे मोल सारखे. सूत्र बरोबरच आहे. पण मतदारसंघांच्या सीमा आखायला बसले, की ते वाटते तितके सोपे राहत नाही. आज मी तुम्हाला अशाच एका मतदारसंघाची ओळख करून देणार आहे. तो आहे कॅनडाच्या उत्तर टोकाला आणि त्याचे नाव नुनावुत. तिथल्या इन्युइट लोकांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘आपली भूमी’.

कॅनडा हे संघराज्य आहे. त्यात दहा प्रांत आणि तीन प्रदेश आहेत. संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्समध्ये, २०२५ च्या निवडणुकीपासून ३४३ जागा आहेत. त्यांतली फक्त एक नुनावुतची. या एका मतदारसंघाचे क्षेत्रफळ वीस लाख चौरस किलोमीटरहून जास्त भरते. आपला महाराष्ट्र त्यात सहा वेळा मावेल आणि तरी जागा उरेल! लोकसंख्या मात्र २०२१ च्या जनगणनेनुसार ३६,८५८. दर शंभर माणसांत पंचाऐंशीच्या आसपास इन्युइट. सगळी वस्ती पंचवीस ठिकाणी विखुरलेली. या वस्त्यांना एकमेकींशी जोडणारे रस्ते नाहीत. माणसांनी विमानाने जायचे. जड सामान समुद्रातले बर्फ वितळले, की उन्हाळ्यात जहाजाने यायचे. मतदारसंघ एकच, पण त्यात तीन वेगवेगळ्या प्रमाणवेळा चालतात. राजधानी इकॅलुइटमध्ये साडेसात हजारांच्या आसपास माणसे, तर उत्तरेकडच्या ग्रीस फियॉर्डमध्ये दीडशेसुद्धा नाहीत.

आता गणित पाहा. कॅनडात एका खासदारामागे सरासरी एक लाख आठ हजारांच्या आसपास लोक येतात. नुनावुतमध्ये सदतीस हजारही नाहीत. म्हणजे कागदावर इथल्या मताचे वजन सरासरीच्या जवळपास तिप्पट. कोणी म्हणेल, हे तर झुकते माप झाले. पण त्याच देशातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंड या चिमुकल्या प्रांताकडे बघा. तिथे लोक दीड लाखांच्या थोडे वर आणि खासदार चार. दरडोई हिशेब नुनावुतसारखाच. पण ते बेट सहा हजार चौरस किलोमीटरसुद्धा नाही. तिथला खासदार मोटारीने निघाला, तर दिवसभरात आपला सगळा मतदारसंघ फिरून घरी जेवायला परत येऊ शकतो. नुनावुतच्या खासदाराला सगळ्या वस्त्यांना एकेकदा भेट द्यायची, तरी महिने लागतात.

म्हणून नुसते डोके मोजून न्याय होतो का, हा प्रश्न उरतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर तो १९९१ मध्ये सस्कॅचेवान प्रांताच्या प्रकरणात आला होता. न्यायालयाने सांगितले, की मताधिकाराचा हेतू केवळ आकड्यांची समानता हा नाही. लोकांना परिणामकारक प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे आणि त्यासाठी भूगोल, इतिहास, समाजाचे हितसंबंध यांचाही विचार करावा लागतो. तत्त्व उत्तम आहे. त्याची खरी कसोटी लागते ती नुनावुतसारख्या ठिकाणी.

इथला इतिहास काय सांगतो? १९३४ च्या कायद्याने इन्युइटांना मतदानातून स्पष्टपणे वगळले होते. १९५० मध्ये त्यांना मताधिकार मिळाला, पण पूर्व आर्क्टिकमधल्या सगळ्या इन्युइट वस्त्यांपर्यंत मतपेट्या पोहोचायला १९६२ साल उजाडले. मधल्या काळात काय घडले, तेही ऐका. १९५३ आणि १९५५ मध्ये सरकारने काही इन्युइट कुटुंबांना त्यांच्या गावांतून उचलून दूर उत्तरेला, रेझोल्यूट आणि ग्रीस फियॉर्ड इथे नेऊन वसवले. अनोळखी मुलूख, हिवाळ्यात महिनोन्‌महिने अंधार आणि शिकारीची ठिकाणेही नवी. त्यांचे गाऱ्हाणे मांडणारा त्यांच्यातला कोणी संसदेत नव्हता. सरकारने या प्रकाराबद्दल माफी मागितली, पण त्याला २०१० साल यावे लागले. कायद्याने दिलेला हक्क आणि दारापर्यंत पोहोचलेला हक्क यांत किती अंतर असते, ते यावरून कळावे.

१९७९ मध्ये या भागाचा स्वतंत्र मतदारसंघ झाला. तेव्हा त्याचे नाव नुनात्सियाक होते. त्या वर्षी पीटर इटिनुआर निवडून आले आणि कॅनडाच्या संसदेत पहिला इन्युइट खासदार बसला. नुनावुत हा वेगळा प्रदेश व्हावा, ही त्यांच्या लोकांची मागणी. ती पुढे सरकावी म्हणून १९८२ मध्ये त्यांनी आपला पक्ष सोडून सत्ताधारी लिबरल पक्षात प्रवेश केला. त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. एकट्या खासदाराला सौदा करायला आपल्या जागेशिवाय दुसरे काय असते? पुढे अनेकांच्या प्रयत्नांनी १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत अस्तित्वात आला.

पण प्रदेश मिळाला म्हणून घरे मिळाली नाहीत. २०१९ मध्ये मुमिलाक काक्काक ही पंचविशीतली तरुणी खासदार झाली. तिने वस्त्यावस्त्यांत जाऊन बुरशी धरलेली, दाटीवाटीने भरलेली घरे पाहिली आणि त्यावर २०२१ मध्ये अहवाल मांडला. त्याच वर्षी सभागृहाचा निरोप घेताना तिने सांगितले, की इथे आपल्याला कधी सुरक्षित वाटले नाही, सुरक्षारक्षकांनी आपल्याला अडवले आहे. तिच्या जागी लोरी इडलाउट निवडून आल्या आणि २०२५ मध्ये त्या शंभराहून कमी मतांनी पुन्हा जिंकल्या. मतांची किंमत कशी असते, ते यावरून दिसते. मात्र २०२१ मध्ये इथल्या नोंदलेल्या मतदारांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनीच मतदान केले होते. ज्यांची घरे वर्षानुवर्षे तशीच आहेत, त्यांना मतपेटीपर्यंत जावेसे का वाटत नाही, हे समजणे अवघड नाही.

यावर उपाय कोणता? तिन्ही प्रदेशांना प्रत्येकी एकच जागा, असे राज्यघटनेतच लिहिलेले आहे. ते बदलेल तेव्हा बदलेल. तोवर करण्यासारखे बरेच आहे. खासदाराच्या प्रवासाला आणि गावोगावच्या कार्यालयांना पुरेसा पैसा हवा. मतदाराला निवडणुकीची माहिती त्याच्या भाषेत मिळायला हवी. २०१८ पासून पूर्वसूचना दिल्यास सभागृहात आदिवासी भाषांतून बोलता येते आणि दुभाषी ते इतरांपर्यंत पोहोचवतो. हे छोटे पाऊल आहे, पण दिशा बरोबर आहे.

श्रोतेहो, मतदारसंघ नकाशावर रेघा मारून आखता येतो. प्रतिनिधित्व तसे आखता येत नाही. ग्रीस फियॉर्डच्या दीडशे माणसांचे म्हणणे ओटावाच्या सभागृहात ऐकू जाते का आणि तिथे झालेल्या निर्णयाने त्यांच्या घराचे छप्पर दुरुस्त होते का, यावरच ते मोजावे लागेल.